दोन विहिणी आणि बावीस कुंडं

ऑक्टोबरच्या दुपारी पुण्यात ऊन असं तापतं की या शहरात कधी पाऊस पडला होता यावर विश्वास बसत नाही. मग चहाच्या वेळेला खडकवासल्याच्या अंगाने आभाळ काळं होत येतं. सोसायटीतल्या बायका एकाच वेळी गच्चीकडे धावतात, वाळत घातलेले चादरी-टॉवेल कुणाचे कुणाकडे जातात, आणि बघता बघता कर्वेनगरच्या गल्ल्यांमधून पाणी वाहायला लागतं. दुचाकीवाले दुकानांच्या पत्र्याखाली दाटीने उभे राहतात. कुणी ओळखीचं नसतं, तरी "आता हा काय दिवाळीपर्यंत मुक्काम करणार का?" असं एक जण आभाळाकडे बघत म्हणतो आणि दुसरा त्याच्याकडे न बघता उत्तर देतो, "तुम्ही बोलावलं असेल तर करेल."

हा परतीचा पाऊस. त्याला परतीचा म्हणतात खरं, पण मला वाटतं तो घरी वगैरे परतत नाही. आपल्याकडचं आटोपून तो खाली दक्षिणेला जातो आणि तिकडे समुद्राकाठी त्याचा खरा मोसम सुरू होतो. हवामान खात्याचे लोक हे अधिक शहाणपणाने सांगतील. मी आपली डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या दोन्ही आयांना घेऊन रामेश्वरच्या बेटावर गेले होते, तेव्हा पुण्यात आम्हाला स्टेशनवर पोचवायला आलेला पाऊस तिथे आमच्या आधी जाऊन उभा होता.

म्हणून परतीचा पाऊस आला की इतरांना मातीचा वास येतो तेव्हा मला दगडाचा येतो. ओल्या, काळ्या, शतकानुशतकं पाणी प्यायलेल्या दगडाचा. त्यात कापूर, खोबरेल तेल, समुद्राचं मीठ आणि निथळत चाललेली माणसं. भर कर्वेनगरात, दुकानाच्या पत्र्याखाली, स्कूटर बाजूला लावून उभी असताना येतो हा वास.

दोन्ही आया म्हणजे एक माझी आणि एक नवऱ्याची. दोघींनाही मी आईच म्हणते. फरक एवढाच, की सासूबाईंना "अहो आई" आणि माझ्या आईला "अगं आई". त्या एका अक्षरावर आमचं घर चाललं आहे. दोघी एका खोलीत असल्या की नुसतं "आई" म्हणून चालत नाही, आधी अहो की अगं ते ठरवावं लागतं. पण त्या काळात दोघी एका खोलीत फारशा नसायच्याच.

अहो आई मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण दार किती वाजता बंद होणार हे त्या अजूनही न विचारता सांगतात. सरळ पाठ, इस्त्रीची सुती साडी आणि बोलणं असं की समोरच्याला आपल्याला टोमणा बसला हे घरी गेल्यावर कळावं. आमच्या लग्नानंतर त्यांनी माझ्या हातचा पहिला स्वयंपाक खाल्ला आणि म्हणाल्या, "छान झालंय. भाजी कुठली होती?"

माझी आई वर्ध्याकडची. बाबा तिकडच्याच एका गावात प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आईच्या बोलण्यात अजून तिकडची माती आहे. तिला हसू आलं की ती पदर तोंडाला लावते आणि राग आला की गप्प बसते, आणि तिचं गप्प बसणं फार मोठ्याने ऐकू येतं. बाबा गेल्यावर माझ्या भावाने तिला हडपसरला आणलं. तो तिथल्या आयटी पार्कमध्ये नोकरीला, फ्लॅट उंचावर. सुरुवातीला आई बाल्कनीत जायची नाही. "एवढ्या वरून माणसं वळखू येत नाही, मग बघून काय करू?" म्हणायची.

कर्वेनगर ते हडपसर हे अंतर ज्यांनी संध्याकाळी पार केलं आहे त्यांना परदेशवारीचं कौतुक राहत नाही. पण दोन घरांमधला अबोला काही त्या रहदारीने आणला नव्हता. तो आणला होता माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या बारशाने.

आई-बाबा तेव्हा गावीच होते. बारशासाठी रात्रीच्या बसने निघाले आणि बस वाटेत बिघडली. आईच्या मांडीवर तिने शिवलेली लाल कुंची, पाळण्याची झालर आणि बाळलेण्यांची डबी. बाबा दर थोड्या वेळाने फोन करत होते, "येऊन रायलो, येऊन रायलो." इकडे मुहूर्ताची वेळ झाली. मी म्हटलं, थोडं थांबू या. अहो आईंनी घड्याळाकडे पाहिलं. "मुहूर्त काही एसटीच्या वेळापत्रकावर नसतो, वैशाली." आणि पाळणा हलला, कानात कुर्र झालं, नाव ठेवून झालं. पेढे वाटत असताना आई-बाबा दारात उभे. बाबांनी सगळं एका नजरेत ओळखलं आणि मोठ्याने म्हणाले, "अरे वा! नाव ठेवून झालं? मग आम्ही काय आता हाकच मारायची!" सगळे हसले. आईने झालर पिशवीतून काढली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. झोपेत, कुणाला त्रास न देता. त्यांनी हसण्यावारी नेलेली गोष्ट मग आईने उचलून आपल्याकडे ठेवली. पुण्यात राहायला आल्यावर ती आमच्याकडे यायची ती खुर्चीच्या काठावर बसायची आणि फक्त पाणी प्यायची. "चहा नको, आत्ताच झाला." अहो आई आत येऊन मला विचारायच्या, "आमच्या चहात काही दोष आहे का?" मग मी दोघींचे निरोप धुऊन, वाळवून, इस्त्री करून एकमेकींना पोचवायची. आईकडून सांडगे आणायची, इकडून चकल्या न्यायची. "त्यांना सांग, सांडगे बरे आहेत, नुसते दात शाबूत हवेत" याचं हडपसरला पोचेपर्यंत "अहो आईंना सांडगे फार आवडले" होऊन जायचं.

आईच्या देवघरात तांब्याचा एक सीलबंद गडू होता. बाबा शाळेतल्या मित्रांबरोबर काशीला गेले होते तेव्हा त्यांनी आणलेली गंगा. तिकडून आणलेल्या गंगेने रामेश्वराला अभिषेक करायचा ही जुनी रीत, आणि बाबांनी तो गडू आईच्या हातात देताना म्हटलं होतं, "आता हा आपण दोघं मिळून रामेश्वराले नेऊ." तो तसाच राहिला होता. आई दर दिवाळीला चिंच लावून त्याला लख्ख करायची आणि परत जागेवर ठेवायची. त्या वर्षी गडू पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले एकदा रामेश्वरले नेशील का?"

आईने आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मी त्याच संध्याकाळी घरी तिकिटांचं बघायला बसले. अहो आईंनी वर्तमानपत्र खाली केलं.

"दोघीच जाणार?"

"हो."

"तुझ्या आईचे गुडघे दुखतात आणि तुला बालगंधर्वच्या चौकात गोंधळायला होतं." त्यांनी वर्तमानपत्र परत वर केलं. "माझंही काढ. खिडकीचं."

मी भीत भीत हडपसरला फोन केला. अहो आईही येताहेत म्हणून सांगितलं. मग आई म्हणाली, "येऊ दे बाप्पा. देवाचं दार का माझ्या एकटीचं हाय?"

प्रवासाचं वर्णन काय करायचं! चेन्नईपर्यंत दोघी माझ्याशी बोलत होत्या. म्हणजे आई मला म्हणायची, "त्यांना विचार, दशमी खातील का," आणि त्या समोरच्या बाकावरून मला सांगायच्या, "तिला म्हणावं, ठेचा असेल तर खाईन." अहो आईंच्या पिशवीत प्रत्येक गोष्ट वेगळ्या पुडीत आणि प्रत्येक पुडीवर चिठ्ठी. आईच्या पिशवीत सगळं एकात एक, पण हात घातला की हवं ते बरोबर हाताला लागायचं. गडू आईच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेला. तो खाली टेकवायचा नाही म्हणून ती जेवतानाही एका हाताने त्याला धरून होती.

चेन्नईला गाडी बदलली आणि पुढे सगळा मुलूख पाण्यात. ताडाची झाडं भिजून काळी झालेली, मिठागरांवर आभाळ टेकलेलं. बेटाच्या अलीकडचं शेवटचं स्टेशन मंडपम. तिथे गाडी उभी राहिली ती हलेचना. समुद्रावरच्या पुलावर वारं सुटलं होतं आणि वारं पडल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, असं कुणी तरी सांगितलं. तेव्हा तो जुना पूल होता, समुद्रात पाय रोवून उभा राहिलेला, कठडा नसलेला. आता तिथे नवा झाला आहे म्हणतात.

डब्यात पंखे बंद, खिडक्या पावसामुळे लावलेल्या, सगळे उकडून सुस्त. आईची मान डुलायला लागली. झोपेत तिचा गडूवरचा हात सैल पडत होता, ती दचकून जागी व्हायची, परत घट्ट धरायची. मी उठणार एवढ्यात अहो आई उठल्या, तिच्या शेजारी येऊन बसल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

"आणा इकडे. तुम्ही पडा जरा."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. माझ्यामार्फत नव्हे, सरळ. "जड हाय," ती म्हणाली.

"मी मुलींच्या ट्रंका जिन्यावरून चढवल्यात. आणा."

आणि आईने गडू दिला. मग ती माझ्या खांद्यावर नाही, बाकाच्या कोपऱ्यात डोकं टेकून खरीखुरी झोपली. अहो आई गडू मांडीवर घेऊन ताठ बसून राहिल्या, जशा वसतिगृहाच्या दाराशी बसत असतील. मी चहा विचारला तर मानेनेच नाही म्हणाल्या. कारण चहासाठी गडूवरचा एक हात काढावा लागला असता.

वारं पडलं आणि गाडी माणसाच्या चालीने पुलावर चढली. दोन्ही बाजूंना नुसतं पाणी. खिडकीतून खाली पाहिलं तर रूळही दिसत नव्हते, जणू गाडी लाटांवरूनच चालली आहे. आईला जाग आली. तिने आधी मांडी चाचपली, मग शेजारी बघितलं, आणि गडू जागच्या जागी आहे असं दिसल्यावर समुद्राकडे बघत म्हणाली, "विहीणबाई, खिडकी उघडा ना वो थोडी." अहो आईंनी उघडली. दोघींच्या तोंडावर खारा पाऊस आला आणि कुणीच ती बंद केली नाही.

रामेश्वरचं देऊळ मी फोटोत पाहिलं होतं. फोटोत त्या ओवऱ्या, ते रंगवलेले खांब, सगळं कोरडं असतं. खरं रामेश्वर ओलं आहे. सकाळी आधी समुद्रात बुडी, मग तसंच निथळत देवळात, आणि आत एकामागून एक बावीस कुंडं. कुंडं म्हणजे विहिरीच. कठड्यावर उभा राहून माणूस दोरीला बांधलेली बादली आत सोडतो आणि वर ओढून सरळ आमच्या डोक्यावर रिकामी करतो. मागे माणसं, पुढे माणसं, सगळी भिजलेली, सगळी हसत, कुणी मंत्र म्हणतंय, कुणी नुसतंच ओरडतंय. एका कुंडाचं पाणी गोड, पुढच्याचं मचूळ, एकाचं कोमट, एकाचं असं गार की श्वास अडकावा. समुद्र एवढा जवळ असून गोड पाणी कुठून येतं कोण जाणे.

अहो आई पहिल्या दोन-तीन कुंडांना संकोचून, पदर सावरत उभ्या राहिल्या. चौथ्याला पाणी वाटणाऱ्याचा नेम चुकला आणि सगळी बादली माझ्या आईच्या एकटीच्या डोक्यावर. आईने "अगं माय!" म्हणून किंकाळी फोडली, आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी कधी दात दिसतील असं हसताना पाहिलं नव्हतं, कंबरेवर हात ठेवून हसत सुटल्या. पुढच्या कुंडाला आईने मुद्दाम त्यांना पुढे ढकललं. त्यानंतर दोघी शाळेच्या सहलीला आल्यासारख्या. मीच मागे राहिले, गडू आणि कोरड्या कपड्यांची पिशवी सांभाळत.

ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे जाता येत नाही. कोरड्या साड्या नेसून आम्ही बाहेर आलो तेव्हा आईचे गुडघे बोलायला लागले होते. फरशी निसरडी. तिला भिंत धरायला दोन्ही हात हवे, म्हणून गडू अहो आईंकडे. आम्हाला घ्यायला तिथले एक वयस्क पुजारी आले होते. तिथले पुजारी मूळचे आपल्याकडचेच, पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेले. त्यांचं मराठी ऐकून अहो आई थबकल्याच. "उदक आणिले आहे ना?" त्यांनी विचारलं. अहो आई माझ्या कानात म्हणाल्या, "ऐकलंस? उदक म्हणाले. आपल्याकडे आता ऍक्वा म्हणतात."

मुख्य गाभाऱ्याच्या बाजूलाच आणखी एक शिवलिंग आहे. पुजारीबुवांनी आम्हाला आधी तिथे उभं केलं.

"हे प्रथम. मग रामनाथ."

"असं का?" आईने विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. लंकेहून आल्यावर रामाला इथे शिवाची पूजा करायची होती. लिंग आणायला मारुतीला कैलासावर पाठवलं. वाट लांबची, त्याला यायला उशीर झाला. मुहूर्त टळत चालला तेव्हा सीतेने इथल्याच वाळूचं लिंग केलं आणि पूजा होऊन गेली. मग मारुती पोचला, हातात एवढ्या लांबून आणलेलं लिंग. "फार दुःखी झाला तो. वाळूचे लिंग उपटावयास पाहिले, शेपूट गुंडाळून ओढले, हालले नाही. तेव्हा रामाने काय केले? म्हणाला, तू आणिलेले येथेच बाजूस बसवितो. आणि आजपासून पूजा प्रथम तुझी, मग माझी. तो नियम अद्याप चालतो."

त्यांनी हे असं सहज सांगितलं, जसं रोज शंभर जणांना सांगत असतील. आई हळूच त्या लिंगासमोर खाली बसली. आधी मला वाटलं, गुडघे. मग पाहिलं तर ती रडत होती. आवाज न करता, पदर तोंडाला न लावता. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं मोकळं रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्याजवळ बसले. तिच्या तोंडून एवढंच आलं, "पाळण्याचा दोर हातात घ्याले तुझे बाबा किती आतुर होते वं. बसमध्ये सगळ्यांले सांगत होते."

वर बघितलं तर अहो आई तिथे नव्हत्या. गर्दीच्या रेट्याने म्हणा की आपल्या पायांनी म्हणा, त्या पुजारीबुवांबरोबर पुढे गेल्या होत्या. मी आईला उठवलं. आम्ही भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत होतो, आणि माणसं बाजूने भराभर पुढे जात होती. तेवढ्यात गाभाऱ्याच्या दिशेने एक आवाज आला. त्या दगडी ओवरीत घुमून आमच्यापर्यंत पोचला तरी मी तो ओळखला. हा आवाज ऐकून एकेकाळी मुली जिन्यात जागच्या जागी उभ्या राहत.

"नाही! त्या आल्याशिवाय नाही!"

आम्ही वळण घेऊन पोचलो तर दृश्य असं: गाभाऱ्यासमोरच्या कठड्याशी माझ्या सासूबाई, छातीशी गडू, कठड्याला एका हाताने धरून उभ्या. एक शिपाई तमिळमध्ये त्यांना पुढे सरका म्हणतोय. मागे तेलुगू, बंगाली, गुजराती, सगळा भारत खोळंबलेला. आणि पुजारीबुवा हात पुढे करून विनवताहेत, "बाई, उदक द्यावे. नैवेद्याची वेळ होते, पडदा पडेल. थांबता येत नाही."

"येतं," अहो आई म्हणाल्या. "थांबता येतं."

त्यांचा आवाज तेव्हा मोठा नव्हता. पण शिपाईसुद्धा एक पाऊल मागे सरकला. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि मागच्या सगळ्या भारताला मराठीतच हुकूम सोडला, "वाट द्या त्यांना!" लोकांना भाषा कळली नसेल, अर्थ कळला. रांग दोन्ही बाजूंना सरकली आणि माझी आई, गुडघे दुखत असलेली, डोळे सुजलेली, हडपसरला खाली बघायला घाबरणारी माझी आई, त्या वाटेने चालत गेली.

अहो आईंनी गडू तिच्या हातात ठेवला. पुजारीबुवांनी सील फोडलं आणि विचारलं, कुणाच्या नावे? आईचे ओठ हलले, पण तिने जन्मात नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी अजून तिला सावरत होते. तेव्हा अहो आईच पुढे झाल्या आणि हजेरी घेतात तशा स्वच्छ आवाजात त्यांनी माझ्या बाबांचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, गावासकट. त्यांना ते ठाऊक होतं हे मला माहीतच नव्हतं.

आतल्या अंधारात दिव्यांच्या उजेडात पाण्याची एक बारीक धार पडली. बस्स, एवढंच. एवढ्या वर्षांची वाट, आणि किती पटकन संपलं पाणी! आईने हात जोडले. पडदा पडला तो त्यानंतर.

बाहेर पाऊस कोसळत होता. समोरच्या उपाहारगृहात पितळी वाट्यांतून कॉफी आली. दोघी शेजारी शेजारी, केस पाठीवर ओले सोडून बसलेल्या.

"विहीणबाई," आई म्हणाली, "तुमचा आवाज लय मोठा हाय वो."

"धंदाच तो होता."

"पोरी भेत असतील."

"कुठल्या! मागून नाव ठेवलं होतं मला."

"काय?"

अहो आईंनी एक घोट घेतला. हे त्यांनी आमच्या घरात कुणालाही कधी सांगितलेलं नव्हतं. "भोंगा," त्या म्हणाल्या.

आईच्या नाकातून कॉफी यायची बाकी राहिली. ती पदरात तोंड खुपसून इतकी हसली की शेजारच्या टेबलावरची माणसंही उगाच हसायला लागली. ती सावरल्यावर अहो आई वाटीकडे बघत म्हणाल्या, "त्या दिवशी मुक्ताच्या बारशाला मी..."

"राहू द्या ना," आईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "कॉफी थंड होऊन रायली."

मी दुसरीकडे बघत बसले. कधी कधी लेकीने आणि सुनेने तेवढंच करायचं असतं.

दुसऱ्या दिवशी धनुष्कोडीला गेलो. तिथे जमीन संपते. एका बाजूला एक समुद्र निवांत पडलेला, दुसऱ्या बाजूला दुसरा उसळतोय, मध्ये वाळूची एवढीशी पट्टी. पुजारीबुवांनी आईला सांगून ठेवलं होतं की गंगा इथे आणली म्हणजे अर्धी यात्रा. इथली वाळू प्रयागला नेऊन गंगेत सोडली की पुरी. तेव्हा दोघींनी मिळून वाळू गोळा केली. आई ओंजळीने भरत होती आणि अहो आई त्यातले शिंपले वेचून काढत होत्या. "देवाला द्यायची तर निवडून नको का?" "विहीणबाई, ही वाळू हाय, तांदूळ नाही." वारा दोघींचेही पदर उडवत होता.

वाळूची ती पुरचुंडी मग बरीच वर्षं पुण्यात राहिली. ती कुणाकडे ठेवायची यावर इतकी चर्चा झाली की शेवटी ती दोन्हीकडे राहू लागली. सणासणाला टिफिनच्या पिशवीतून कर्वेनगर ते हडपसर जायची आणि परत यायची. माझी निरोप इस्त्री करायची नोकरी गेली. दोघींचे फोन परस्पर होऊ लागले. आई बसने एकटी आमच्याकडे यायला शिकली, आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच चहा टाकायची, आणि अहो आई बाहेरून ओरडायच्या, "साखर बेताने!" प्रयागला मात्र जाणं होईना. एकदा हे, एकदा ते, मग आईचे गुडघे बदलायचं ठरलं. ऑपरेशननंतर अहो आई बॅग भरून हडपसरला राहायला गेल्या आणि आईकडून असे व्यायाम करून घेतले की माझा भाऊ मला फोनवर कुजबुजत म्हणाला, "ताई, आमच्याकडे सकाळी हजेरी होते."

या वर्षी नवे गुडघे घेऊन आई जिने चढायला लागली आणि दोघींनी प्रयागची तिकिटं काढली. दोनच. मला कळलं ते तिकिटं निघाल्यावर. मी म्हटलं, मी रजा टाकते ना. अहो आईंनी चष्मा पुसला. "तू नको. तू असलीस की आम्हाला विहिणींसारखं वागावं लागतं." आई पदराआड हसत होती.

परवा त्यांना स्टेशनवर सोडून आले. मुक्ताने दोघींना वाकून नमस्कार केला, दोघींनी एकदमच तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि हात एकमेकींना लागले. गाडी सुटली.

काल दुपारी पाऊस आला. गच्चीवरून कपडे आणून मी खिडकीशी चहा घेऊन बसले आणि आईला फोन लावला. "हो गं, छान चाललंय, जेवलो, आता ठेवते," असं म्हणून तिने फोन ठेवला, म्हणजे नुसता बाकावर ठेवला. बंद करायला ती नेहमीप्रमाणे विसरली. मी कट करणार होते, पण केला नाही. इकडे पाऊस, तिकडे रुळांचा खडखडाट, शेंगा फोडल्याचा आवाज, खिडकी उघडी ठेवायची की लावायची यावर दोघींचा कडाक्याचा वाद. समोर कुणीतरी हिंदी बोलणाऱ्या बाई बसल्या असाव्यात. त्यांनी कौतुकाने विचारलं, "आप दोनों बहनें हैं क्या?"

मग माझ्या सासूबाईंचा आवाज आला, कडक, रेक्टरचा, आपल्या पुणेरी हिंदीत:

"छे! बहनें होतीं तो इतना जमता क्या?"